‘३.५’ फॅट, ‘3.5’ फॅट आणि मध्येच बंद पडणारं ॲप

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. दूध संकलन केंद्रासाठी तुम्ही अँड्रॉइडवर जावामध्ये ॲप लिहिलंय. फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) आणि लिटर हे आकडे स्ट्रिंग म्हणून, म्हणजे नुसत्या अक्षरांची माळ म्हणून हातात येतात आणि डबल.पार्सडबलने तुम्ही त्यांची दशांश संख्या करता. तुमच्या फोनवर सगळं सुरळीत चालतं, पण दोन केंद्रांवर नंबरफॉरमॅट एक्सेप्शन, म्हणजे ‘हा आकडा वाचता येत नाही’ ही चूक येऊन ॲप बंद पडतं, आणि तिथल्या सचिवांनी पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये फॅटच्या चौकटीत "३.५" दिसतंय. पार्सडबल, बिगडेसिमल आणि नंबरफॉरमॅट यांतलं बरोबर कोणतं, की टिंबावर तोडून स्वतःच पार्सर (स्ट्रिंग वाचून संख्या काढणारा कोड) लिहावा, हे तुम्हाला ठरवायचंय.

आकड्यांबाबत आधी एक सोय करून ठेवतो. अवतरणचिन्हांतली स्ट्रिंग अक्षरशः तशीच आहे असं समजा. म्हणजे "3.5" मध्ये इंग्रजी अंक आहेत आणि "३.५" मध्ये मराठी. बाकी मजकुरात नेहमीचे मराठी अंक.

‘बरोबर कोणतं’ याला एकच एक उत्तर नाही. ती स्ट्रिंग कोणी लिहिली आणि कोणासाठी लिहिली यावर ते ठरतं. फॅट मशीनने संगणकासाठी पाठवलेला आकडा वेगळा, सचिवांनी बोटाने टाइप केलेला वेगळा, आणि तुमच्याच प्रोग्रॅमने माणसाला दाखवण्यासाठी सजवलेला तिसराच. तुमच्या कोडमध्ये हे तिन्ही एकाच दारातून आत येताहेत आणि दारावर पार्सडबल उभा आहे, ज्याला फक्त पहिला प्रकार ओळखता येतो.

आता ॲप बंद का पडतं ते. त्या दोन केंद्रांवरच्या फोनची भाषा मराठी असणार, यावर मी पैज लावतो. जावामध्ये स्ट्रिंग.फॉरमॅटला लोकेल, म्हणजे भाषा-प्रदेशाची सेटिंग, दिलं नाही तर ते फोनचं लोकेल उचलतं, आणि मराठी लोकेलचे ठरलेले अंक देवनागरी आहेत. गंमत म्हणजे लिपी तीच असूनही हिंदी लोकेलचे ठरलेले अंक इंग्रजी आहेत, त्यामुळे फोन हिंदीवर ठेवून चाचणी केली असतीत तरी हा घोळ दिसला नसता. मशीनकडून "3.5" येतं, तुम्ही एका दशांश स्थळापर्यंत फॉरमॅट करून ते चौकटीत टाकता, तिथे ते "३.५" होतं, आणि ‘जतन करा’ दाबल्यावर त्याच चौकटीतली स्ट्रिंग परत पार्सडबलकडे जाते. स्वतःच लिहिलेलं स्वतःलाच वाचता येत नाही, अशी गत. कोड न बघता सांगतोय, पण हा दोष मी इतक्यांदा पाहिलाय की दुसरं काही निघालं तर मलाच आश्चर्य वाटेल.

आता जावाचा विक्षिप्तपणा पाहा. इंटिजर.पार्सइंटला "३५" दिलं तर निमूटपणे पस्तीस मिळतात, कारण ते प्रत्येक अक्षराची किंमत युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, अंकांच्या तक्त्यावरून विचारतं. माझ्या डेस्कटॉपवरच्या जावात बिगडेसिमलसुद्धा "३.५" स्वीकारतं. डबल.पार्सडबल मात्र ० ते ९ हे इंग्रजी अंकच मानतं आणि "३.५" वर एक्सेप्शन फेकतं. एकाच भाषेच्या एकाच लायब्ररीत ही तीन भावंडं, आणि तिसऱ्याचा स्वभाव वेगळा. म्हणून कॅन नंबर, सभासद क्रमांक असे पूर्णांक तुमच्याकडे कधीच अडले नाहीत, फक्त फॅट अडलं. पायथनवाल्यांना हा त्रास नाही, तिथलं फ्लोट "३.५" सरळ वाचतं. जावास्क्रिप्टमध्ये नंबर आणि पार्सफ्लोट दोन्ही "३.५" ला ‘संख्या नाही’ म्हणतात, आणि वर पार्सफ्लोटला "1,23,456.50" दिलं तर पहिल्या स्वल्पविरामाशी थांबून उत्तर १ देतं, तेही तक्रार न करता. त्यापेक्षा एक्सेप्शन परवडलं.

रिकाम्या जागेचंही असंच. पार्सडबल मागचीपुढची स्पेस स्वतः काढून टाकतं, पार्सइंट आणि बिगडेसिमल काढत नाहीत. तुम्ही म्हणाल, मग आधी ट्रिम करू. करा, पण एक्सेलमधून किंवा वेबपेजवरून चिकटवलेल्या आकड्यात पुष्कळदा ‘न तुटणारी’ स्पेस असते, युनिकोडमधली १६० क्रमांकाची. ती ट्रिमला दिसत नाही आणि जावा ११ मध्ये आलेल्या स्ट्रिपलाही दिसत नाही. डोळ्यांना दोन्ही स्पेस सारख्याच. या एका अक्षरापायी मी अर्धी रात्र घालवलीय, तेव्हापासून आकडा अडला की आधी स्ट्रिंगमधल्या प्रत्येक अक्षराचा क्रमांक छापून बघतो. मराठी शून्याचा क्रमांक २४०६, नऊचा २४१५. तुमच्या लॉगमध्ये हे क्रमांक दिसले की निदान झालंच.

पार्सडबल इंग्रजी अंकांबाबत कडक असलं तरी इतरत्र फार सैल आहे, हेही लक्षात असू द्या. आकड्याच्या शेवटी इंग्रजी एफ किंवा डी हे अक्षर असलं तरी ते चालवून घेतं, कारण जावाच्या सोर्स कोडमध्ये दशांश संख्या तशा लिहिता येतात. एका ठिकाणी मशीनच्या फाइलमध्ये फॅटच्या आकड्याला एफ आणि एसएनएफच्या आकड्याला एस चिकटून येत होतं. फॅट बिनबोभाट आत जायचं, एसएनएफवर प्रोग्रॅम कोसळायचा, आणि आम्ही दोन दिवस एसएनएफच्या तारा तपासत होतो. याशिवाय ‘संख्या नाही’ या अर्थाचा नॅन हा शब्दही पार्सडबल खुशाल स्वीकारतं. ‘फॅट दोनपेक्षा कमी किंवा बारापेक्षा जास्त असेल तर नाकारा’ अशी अट लिहिली असेल तर नॅन त्यातूनही सहीसलामत सुटतं, कारण नॅनशी केलेली लहानमोठेपणाची प्रत्येक तुलना खोटीच ठरते. अट उलटी लिहा: दोन ते बाराच्या आत असेल तरच घ्या.

तर दुरुस्तीचा पहिला भाग सरळ आहे. जी स्ट्रिंग पुन्हा यंत्र वाचणार आहे, मग ती फाइलमध्ये जावो, सर्व्हरकडे जावो की डेटाबेसमध्ये, ती बांधताना स्ट्रिंग.फॉरमॅटला लोकेल.रूट द्या, म्हणजे फोनची भाषा मध्ये येणार नाही. आणि मशीनकडून आलेली किंमत संख्या म्हणूनच एका व्हेरिएबलमध्ये धरून ठेवा, पडद्यावरच्या चौकटीतून परत वाचू नका. पडद्यावर मराठी अंक दिसू द्यात की, सचिवांना तेच हवे असतात. तुमच्याच देशात तुमच्याच भाषेवर फोन लावला म्हणून ॲप बंद पडावं, याचा मला खरं तर राग येतो. ‘फोनची भाषा इंग्रजी करा’ असं उत्तर सचिवांना देऊ नका.

माणसाने टाइप केलेल्या आकड्यासाठी नंबरफॉरमॅट आहे. मराठी लोकेलचा नंबरफॉरमॅट घेतला तर "३.५" आणि "3.5" दोन्ही वाचले जातात, कारण वाचताना तो सगळ्या लिप्यांचे दशमान अंक ओळखतो. पण त्याची एक खोड आहे. त्याला जिथपर्यंत कळतं तिथपर्यंत तो वाचतो आणि उरलेलं गुपचूप सोडून देतो. "12.5.3" दिलं तर १२.५ घेऊन मोकळा. म्हणून पार्सला पार्सपोझिशन द्या आणि वाचन संपलं ती जागा स्ट्रिंगच्या लांबीएवढी आहे का ते तपासा. नसेल तर नाकारा. हे न करता नंबरफॉरमॅट वापरणं म्हणजे पावतीची पहिली ओळ वाचून सही करण्यासारखं आहे.

स्वल्पविराम हा आपल्याकडचा खास विषय. "1,23,456.50" हा आपला लाख-कोटींचा गट, तिकडे अमेरिकेत "123,456.50", आणि जर्मनीत तर टिंब आणि स्वल्पविराम अदलाबदल करून "123.456,50". बरेच जण म्हणतात, स्वल्पविराम उडवून टाकले की झालं. रकमेच्या रकान्यात ते चालूनही जाईल. पण फॅटच्या चौकटीत घाईत टिंबाऐवजी स्वल्पविराम पडला आणि "3,5" आलं, तर तुमच्या हिशेबात त्या म्हशीने पस्तीस फॅटचं दूध दिलं. नंबरफॉरमॅटही इथे वाचवत नाही, कारण गट किती अंकांचे आहेत हे तो नेहमीच्या वागण्यात तपासतच नाही, "3,5" चे तोही पस्तीस करतो. माझा नियम असा: फॅट, एसएनएफ, लिटर अशा लहान आकड्यांत स्वल्पविराम दिसला की नाकारायचा आणि पुन्हा विचारायचं. रकमेत तो घ्यायचा, पण आधी गटांची मांडणी नीट आहे का हे रेग्युलर एक्स्प्रेशनने (अक्षरांच्या मांडणीचा नमुना) बघून. आणि रकमेपुढचं "/-" विसरू नका. "1,250/-" लिहिण्याची सवय पिढ्यान्‌पिढ्यांची आहे, ती तुमच्या ॲपसाठी कोणी मोडणार नाही. तेवढं सुरुवातीलाच छाटून टाका.

आता डबल की बिगडेसिमल. इथे मी माझीच चूक सांगतो. एका दूध संस्थेच्या बिलांचं काम करताना पैसे पूर्णांकात ठेवायचे असं मी ठरवलं होतं, विचार चांगलाच होता. रुपयांची स्ट्रिंग घ्यायची, पार्सडबल करायची, शंभरने गुणायची आणि पूर्णांक करून पैसे म्हणून साठवायची. दहा दिवसांच्या बिलात कपातींची बेरीज एका पैशाने चुकू लागली. पैसा एकच, पण लेखापरीक्षकांनी अडवून धरलं, आणि त्यांचं बरोबरच होतं. शोधत शोधत एका सभासदाच्या मागच्या बाकीपाशी आलो: ४ रुपये ३५ पैसे. "4.35" ची डबलमध्ये नेमकी किंमत बसत नाही. तिथे बसतं ते ४.३४९९९९९९९९९९९९९६… याला शंभरने गुणलं की ४३४.९९९९९९९९९९९९९४ येतं, आणि पूर्णांक करताना जावा पुढचं सगळं कापतं. राहिले ४३४ पैसे.

यात पार्सडबलची चूक नाही. डबलमध्ये ६४ बिट असतात, त्यांतले ५२ अंकांच्या वाट्याला येतात (न लिहिता गृहीत धरलेला पहिला १ मोजला तर ५३), आणि संख्या दोनच्या घातांनी मांडली जाते. दशमान पद्धतीत एक तृतीयांश जसं कधी संपत नाही, तसं द्विमानात एक दशांशही संपत नाही. १९८५ च्या आयईईई ७५४ मानकानुसार चालणाऱ्या प्रत्येक भाषेत "0.1" वाचल्यावर त्याच्या सगळ्यात जवळची मांडता येणारी संख्या मिळते, नेमकी "0.1" नाही. फॅटच्या मोजमापाला हे पुरेपूर आहे, कारण मशीनची स्वतःची चूक याच्या कितीतरी पट मोठी असते. पैशाला नाही. म्हणून मोजमाप डबलमध्ये ठेवलं तरी माझी हरकत नाही, दर आणि रक्कम मात्र बिगडेसिमलमध्येच, आणि तेही थेट स्ट्रिंगवरून बनवून. आधी डबल करून मग ते बिगडेसिमलला दिलं तर तीच चुकलेली शेपटी पन्नासेक अंकांसकट अचूकपणे जतन होते. नंबरफॉरमॅटमधून रक्कम वाचणार असाल तर डेसिमलफॉरमॅटवर सेटपार्सबिगडेसिमल चालू करा, नाहीतर तो मधल्या मध्ये डबल करून देतो.

बिगडेसिमलचाही एक खड्डा आहे, आणि तो नेमका तुमच्या कामात आडवा येईल. दरपत्रक तुम्ही हॅशमॅपमध्ये ठेवलं असेल, फॅट ही किल्ली आणि दर ही किंमत. बिगडेसिमलच्या इक्वल्सला "3.5" आणि "3.50" वेगळे वाटतात, कारण दशांश स्थळं किती हेही तो तुलनेत धरतो. कंपेअरटू त्यांना समान म्हणतो. मशीनने "3.50" पाठवलं, दरपत्रकात "3.5" आहे, तर दर मिळणार नाही. किल्ली करण्याआधी दोन्हीकडे सेटस्केलने एकच दशांश स्थळ करून घ्या. दुसऱ्या स्थळाचं काय करायचं, म्हणजे ३.४५ चं ३.४ की ३.५, हे तुम्ही ठरवू नका. संस्थेचा जो नियम असेल तो लेखी घ्या, त्यावर भांडणं होतात.

शेवटचा मुद्दा, स्वतःचा पार्सर. नको. टिंबावर तोडण्यात काय काय होतं ते सांगतो. जावाच्या स्प्लिटला नुसतं टिंब दिलं तर ते रेग्युलर एक्स्प्रेशन समजलं जातं, म्हणजे ‘कुठलंही अक्षर’, आणि "3.5" तोडून रिकामा ॲरे हातात येतो. ते सुधारलंत की "3.05" चे "3" आणि "05" होतात, "05" चा पूर्णांक ५, आणि दहाने भागलंत की ३.०५ चं ३.५ झालं. तेही सुधारलंत की शीतगृहाच्या तापमानाचं "-0.5" येतं, डाव्या भागाचा पूर्णांक शून्य होतो, उणे चिन्ह हरवतं आणि तापमान शून्याच्या वर जातं.

एवढं सगळं निस्तरूनही अचूकतेचा प्रश्न उरतोच. तीनला "0.1" ने गुणलं तर डबलमध्ये ०.३००००००००००००००४ येतं, तीनला दहाने भागलं तर ०.३ च्या जवळची नेमकी संख्या येते. म्हणून चांगली लायब्ररी आधी सगळे अंक जोडून पूर्णांक करते आणि शेवटी एकदाच भागते. हा पूर्णांक दोनच्या ५३ व्या घातापलीकडे गेला नाही आणि दहाचा घात २२ च्या आत असला, तर उत्तर हमखास अचूक येतं, कारण १० चा २२ वा घात डबलमध्ये तंतोतंत बसतो आणि २३ वा बसत नाही. आपले फॅट-लिटर सगळे याच सोप्या वाटेने जातात. पलीकडचं रान अवघड आहे. "9007199254740993" ही संख्या दोन शेजारच्या डबलच्या बरोबर मधोमध पडते, नियमानुसार ती खालच्या, ९९२ ने संपणाऱ्या संख्येकडे जाते. पण तिच्यापुढे टिंब देऊन वीस शून्यं आणि एक १ जोडला की ती वरच्या, ९९४ ने संपणाऱ्या संख्येकडे जायला हवी. म्हणजे शेवटचा अंक वाचल्याशिवाय निर्णय देता येत नाही, आणि डबलच्या बाबतीत असे साडेसातशेहून अधिक अंक बघावे लागू शकतात.

हे नीट कसं करायचं ते १९९० मध्ये विल्यम क्लिंगर आणि डेव्हिड गे यांनी मांडलं, गे यांचा सी भाषेतला कोड पुढे कितीतरी भाषांच्या रनटाइममध्ये गेला. तरीही जानेवारी २०११ मध्ये पीएचपी आणि पुढच्याच महिन्यात जावा एकाच दुखण्याने आजारी पडले. २.२२५०७३८५८५०७२०१ च्या पुढे आणखी एक अंक आणि गुणिले १० चा उणे ३०८ वा घात, अशी संख्या स्ट्रिंगमधून दिली की रूपांतर करणारा लूप कधी संपतच नसे. जावात तर सर्व्हरला पाठवायच्या एका साध्या हेडरमध्ये ती संख्या घालून सर्व्हर अडकवता येत होता, आणि सोर्स कोडमध्ये लिहिली तर कंपायलरच लटकायचा. तज्ज्ञांनी लिहिलेल्या, वर्षानुवर्षं वापरातल्या कोडची ही कथा. पार्सर लिहायची हौस असेल तर जरूर लिहा, शिकायला मिळेल, पण दूधबिलात घालू नका.

थोडक्यात, तुमच्या ॲपमध्ये मी हे करीन. मशीनकडून आलेल्या स्ट्रिंगसाठी अंक-टिंबाचा कडक नमुना तपासून बिगडेसिमल किंवा पार्सडबल. सचिवांनी टाइप केलेल्यासाठी मराठी लोकेलचा नंबरफॉरमॅट, पार्सपोझिशनसह. यंत्रासाठी लिहिताना लोकेल.रूट. पैसे बिगडेसिमलमध्ये. आणि फोन मराठीवर ठेवून एक चाचणी कायमची, दर आवृत्तीला.

हे सगळं करण्याआधी आज एक काम उरका. फॅट अडलं तेव्हा सभासद क्रमांक आणि कॅन नंबर पार्सइंटमधून आधीच आत गेले असतील. तुमच्या कोडमध्ये नोंद टप्प्याटप्प्याने जतन होत असेल, तर त्या दोन केंद्रांवर फॅट नसलेल्या अर्धवट नोंदी पडल्या असण्याची दाट शक्यता आहे, आणि ॲप पुन्हा उघडून सचिवांनी तेच दूध दुसऱ्यांदा नोंदवलं असेल. दहा दिवसांचं बिल निघायच्या आत त्या दिवसांच्या कागदी पावत्या मागवून नोंदींशी ताडून घ्या.